पाच लाखांचा खोकला

सत्तरी ओलांडली की माणसाचा भाव उतरतो, असा माझा समज होता. घरातल्या वागणुकीवरून तो पक्काही झाला होता. पण २९ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारनं सत्तर आणि त्यापुढच्या सगळ्यांना, उत्पन्नाचा दाखला न मागता, वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या मोफत उपचारांचं ‘आयुष्मान वय वंदना’ कार्ड देऊ केलं आणि मी एकाएकी मोलाचा झालो. सेतू केंद्रात आधार दाखवलं, कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावले, कार्ड निघालं. मी ते लगेच लॅमिनेट करून घेतलं आणि घरी येऊन सौभाग्यवतीच्या हातात ठेवलं.

तिनं ते उलटसुलट करून पाहिलं. म्हणाली, “बरं झालं. आता दळण घेऊन या.”

पाच लाखांच्या माणसाला दळण आणायला सांगणं मला खटकलं, पण आणलं. गिरणीतलं पीठ नाकात गेलं म्हणा, की त्या आठवड्यात तुरीवर धुवारी पडत होती तिनं गाठलं म्हणा, खोकला सुरू झाला.

आमच्या गल्लीच्या टोकाला आमचे डॉक्टर बसतात. वाशिम हा अकोला जिल्ह्यातला एक तालुका होता तेव्हापासून बसतात. १ जुलै १९९८ ला जिल्हा वेगळा झाला, डॉक्टरांची पाटी तीच राहिली. तपासणीचे दीडशे रुपये, त्यातच तीन दिवसांच्या पुड्या. माझी छाती, माझं पोट आणि माझा चिकटपणा, तिन्हींची त्यांना जुनी माहिती आहे. एरवी मी सरळ तिकडेच गेलो असतो. पण आता प्रश्न तत्त्वाचा होता. सरकार पाच लाख मोजायला तयार असताना मी पदरचे दीडशे का मोजायचे?

मफलर गुंडाळून, योजनेत असलेलं एक खासगी रुग्णालय गाठलं. काउंटरवर आरोग्यमित्र बसला होता. पोरगा गुणी होता.

“काका, भरती कोण हाये?”

“कोणी नाही. मी खोकतो.”

“मंग बाहेरच्या खिडकीवर केसपेपर काढा. तीनशे रुपये.”

मी लॅमिनेट केलेलं कार्ड पुढे सरकवलं.

“हे भरती झाल्यावर चालते, काका.”

“मग करून घे भरती.”

“खोकल्यासाठी?”

“साधा नाही, कोरडा आहे.”

त्यानं माझ्या समाधानासाठी कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. “योजनेत तेराशे छप्पन्न उपचार हायेत. त्यात खोकला नाही. न्युमोनिया असन तं बसते.”

“असेल की न्यूमोनिया!” मी मोठ्या आशेनं म्हणालो.

तीनशे तपासणीचे गेले, साडेतीनशे एक्स-रेचे. तरुण डॉक्टरीणबाईंनी फिल्म उजेडासमोर धरली आणि हसून म्हणाल्या, “काका, छाती एकदम क्लिअर आहे.”

“एखाद्या कोपऱ्यात काही?” मी विचारलं.

कोपरेही स्वच्छ होते. दीडशे वाचवायला निघालेला मी साडेसहाशे घालवून आणि तब्येत ठणठणीत असल्याचा अपमान सोसून घरी आलो. संध्याकाळी गल्लीच्या टोकाला जाऊन दीडशे रुपयांच्या पुड्या घेतल्या. तिसऱ्या दिवशी खोकला गेला.

डोक्यातला विचार मात्र जाईना. माझी उभी हयात पंचायत समितीच्या सांख्यिकी विभागात गेलेली आहे. आकडा दिसला की मला भागाकार सुचतो. पाच लाख भागिले दीडशे म्हणजे तीन हजार तीनशे तेहतीस. वर्षभर रोज नऊ वेळा मी डॉक्टरांकडे गेलो तरी सरकारची रक्कम संपायची नाही. आणि तेच सरकार मला एकदासुद्धा पाठवायला तयार नाही!

मी कात्रणं काढली. २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २१ नोव्हेंबर २०१३ पासून आपल्यासकट उरलेल्या महाराष्ट्रात आली. तेव्हा कुटुंबाला वर्षाला दीड लाख होते. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुल्यांचं नाव मिळालं. २०१८ मध्ये केंद्राचं आयुष्मान भारत आलं, पुढे दोन्ही योजना एकत्र नांदू लागल्या. २०२३ मध्ये राज्यानं ठरवलं की पिवळं, केशरी, पांढरं रेशनकार्ड असा भेद नको, सगळ्यांना पाच लाख. बारा वर्षांत सरकारं बदलली, नावं बदलली, दीडाचे पाच झाले. ‘आधी भरती हो’ ही अट तेवढी कोणी हलवली नाही.

कारणही समजण्यासारखं आहे. भरती झालेला माणूस मोजता येतो. त्याचा फोटो निघतो, पूर्वपरवानगी घेता येते, ऑपरेशनचं पॅकेज ठरलेलं असतं. खोकल्याचा फोटो कसा काढणार? २०११ च्या जनगणनेप्रमाणे जिल्ह्याची लोकसंख्या ११ लाख ९७ हजार १६०. माणूस वर्षातून दोनदा खोकला असं धरलं तरी दीडशे-दीडशेची चोवीस लाख बिलं झाली. ती तपासायला केवढा सांख्यिकी विभाग लागेल, या विचारानं माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

पण या हिशेबात एक गंमत राहून जाते. बीपीची गोळी आणायची ती आपल्या पैशानं. ती न घेता लकवा मारला, की पुढचं सगळं सरकारच्या पैशानं. म्हणजे आजार लहान असेतो तो आपला खासगी मामला. अंगावर काढून, मुरवून, पॅकेजच्या मापाचा केला की मग तो राष्ट्राचा.

तुम्ही म्हणाल, सरकारी दवाखाने कशाला आहेत? बरोबर आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरचेही पैसे लागत नाहीत. गावोगावची उपकेंद्रं ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ झाली, तिथे सीएचओ म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी बसतात. शहरांत ‘आपला दवाखाना’ आला. २०२४ मध्ये वाशिमला सरकारी मेडिकल कॉलेजही मिळालं. हे सगळं असताना मी तिकडे गेलो नाही, कारण रांगेत माझ्या हाताखाली काम केलेला एखादा शिपाई पुढे उभा असला तर? वर्ग तीनचा का होईना, मी साहेब होतो. दुसरं कारण जरा सभ्य आहे. सरकारी डॉक्टरची बदली होते आणि माझा सगळा इतिहास त्याच्याबरोबर जातो. आमच्या डॉक्टरांची बदली होत नाही.

तेव्हा मी शासनाला निवेदन लिहायला बसलो. विषय : कुटुंबाच्या डॉक्टरांच्या तपासणी फीस शासकीय निधी मिळणेबाबत. दाखले जोरदार होते. इंग्लंडात १९११ साली लॉइड जॉर्जनं विम्याचा कायदा करून कामगारांना ‘पॅनल डॉक्टर’ दिला, १९४८ पासून तो सगळ्या जनतेला मिळाला. डॉक्टरला पैसे कशाचे, तर त्याच्या यादीत माणसं किती, याचे. आपल्याकडे १९४८ मध्येच कर्मचारी राज्य विमा कायदा झाला आणि १९५४ मध्ये ती योजना, म्हणजे ईएसआय, मुंबईत आली. माझे मामा परळच्या गिरणीत होते. पगारातून वर्गणी कापली जायची, चाळीखालचा खासगी डॉक्टर त्यांचा पॅनल डॉक्टर होता आणि त्याला दर कामगारामागे वर्षाची ठरावीक रक्कम सरकारी बाजूनं मिळायची. मामा त्याला एक पैसा न देता त्याच्याशी भांडायचे. आमचं म्हणणं एवढंच होतं की हे सुख वाशिमच्या सोयाबीनवाल्यालाही मिळावं. शेवटी २०१७ चं राष्ट्रीय आरोग्य धोरण ठोकून दिलं : आरोग्यावरच्या खर्चाचा दोन तृतीयांश किंवा त्याहून जास्त वाटा प्राथमिक सेवेवर करू, असं सरकारच लिहून बसलं आहे.

सौभाग्यवतीनं निवेदन चष्मा लावून वाचलं. “एवढं चांगलं आहे, तर आधी गल्लीत करून दाखवा ना.”

ती थट्टा करत होती, हे माझ्या लक्षात यायला पोळा उजाडला.

गुढीपाडव्याला मारुतीच्या पारावर सभा घेतली. चाळीस घरं, घरटी वर्षाला बाराशे रुपये, एकूण अठ्ठेचाळीस हजार. ते डॉक्टरांना आगाऊ द्यायचे आणि वर्षभर कोणाकडूनही फी घ्यायची नाही. चिटणीस, खजिनदार आणि लेखापरीक्षक मीच. डॉक्टर म्हणाले, “साहेब, तुमी म्हन्ता तं करून पाहू.” या वाक्यातली शंका मला सही घेण्याच्या गडबडीत ऐकू आली नाही.

पहिलं भांडण ‘कुटुंब म्हणजे कोण’ यावर झालं. मी निर्णय दिला, रेशनकार्डावर जेवढे तेवढे. एकाच्या कार्डावर पुण्यात नोकरीला असलेला भाचा निघाला. दुसऱ्याच्या कार्डावर आजीबाई निघाल्या, त्यांचं वर्षश्राद्ध मी स्वतः जेवलो होतो. मग बाळंतपणाला आलेल्या लेकी. मग त्यांना न्यायला आलेले जावई. हिंगोलीहून आलेल्या जावयाचं पोट बिघडलं, तर त्याच्याकडे दीडशे रुपये मागायचे? कोणत्या तोंडानं? जावई योजनेत बसले.

फी नाही म्हटल्यावर गल्लीची तब्येत झपाट्यानं ढासळली. संध्याकाळी देवळातून निघालेली मंडळी बीपी मोजून घरी जाऊ लागली. कोणाचं किती आलं यावर ओट्यावर चर्चा झडू लागल्या, एकशेचाळीसवाला एकशेतीसवाल्याकडे जरा वरून पाहू लागला. आणि या सगळ्यांत पुढे होतो मी. बाराशे भागिले दीडशे, म्हणजे आठ भेटींत पैसे वसूल. अक्षय्य तृतीयेच्या आतच मी नफ्यात आलो. त्यापुढची प्रत्येक भेट निव्वळ कमाई होती, तेव्हा ती सोडणं खजिनदाराला शोभलं नसतं. करंगळी दुखते म्हणून गेलो. दुखत नाही, हे ठीक आहे ना, असं विचारायलाही गेलो.

डॉक्टर बदलले. माणूस तोच, हात तेच, पण पैसे आधीच मिळालेले. आता आम्ही बाकावर बसलो असलो तरी खेड्यावरून आलेला रोख फीवाला आधी आत जायचा. आमची तपासणी रांगेतच उरकायची. पुड्या बंद झाल्या, मेडिकलची चिठ्ठी सुरू झाली. जरा गुंतागुंतीचं काही निघालं की डॉक्टर चष्मा पुसत म्हणायचे, “अकोल्याले दाखवून घ्या एकदा.” एका मे महिन्यात आमच्या गल्लीनं अकोल्याच्या एवढ्या फेऱ्या केल्या की कंडक्टर ‘योजनेतले का?’ म्हणून विचारू लागला. डोकी मोजून पैसे दिले की डॉक्टरला तुम्ही यादीत हवे असता, दवाखान्यात नको असता. लॉइड जॉर्जला हे कळायला किती वेळ लागला ठाऊक नाही. आम्हाला वैशाख पुरला.

मी सुधारणा केली. डोक्यामागे पैसे बंद. डॉक्टरांनी उरलेली रक्कम इमानदारीनं परत केली. आता दर भेटीमागे दीडशे रुपये निधीतून, रजिस्टरवर सही घेऊन.

दुसऱ्या दिवसापासून दवाखान्यात लक्ष्मीपूजनाचं वातावरण. “या साहेब, या! कसं हाये?” बरं आहे म्हटलं तर डॉक्टर काळजीत पडायचे. परवा पुन्हा दाखवा. नंतर एकदा दाखवा. अशक्तपणा वाटतो का? कोणाला वाटत नाही! एक सलाईन लावू. आठवड्याभरात माझ्या गुडघ्यात, पाठीत आणि डोळ्यांत त्यांना गोडी उत्पन्न झाली. अकोल्याचं नाव कोणी काढेना. पेशंट खूष, डॉक्टर खूष. उदास एकटा खजिनदार, कारण पेरण्या आटोपायच्या आत निधी जवळजवळ तळाला गेला. मी जादा वर्गणीची गोष्ट काढली तेव्हा ओट्यावरची चर्चा पहिल्यांदाच पटकन संपली.

तिसरी सुधारणा मी थायलंडकडून घेतली. २००१ साली तिथल्या सरकारनं भेटीला तीस बाट घेऊन बहुतेक उपचार सरकारी खर्चात देण्याची योजना काढली आणि ती जगभर नावाजली गेली. आपणही दर भेटीला वीस रुपये पेशंटकडून घ्यावेत, बाकीचे निधीतून. वीस रुपये कोणाला जड नाहीत आणि उगाच येणारे आपोआप गळतील. सौभाग्यवती म्हणाली, “म्हणजे तुम्ही गळाल.”

गर्दी खरंच ओसरली. रजिस्टरमध्ये भेटी निम्म्यावर आल्या. मी आलेख काढला, त्यावर रंगीत पेन्सिलीनं उतरती रेघ ओढली आणि ती डॉक्टरांना दाखवायला गेलो. जाताना वीस रुपये भरले. आलेख दाखवायचे वीस रुपये मला अजिबात जड वाटले नाहीत.

डॉक्टरांनी आलेख पाहिला आणि रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. “साहेब, कोन कमी झालं ते पाहा.”

मी पाहिलं. माझं नाव जसंच्या तसं होतं. करंगळीवाले, बीपीची स्पर्धा खेळणारे, सगळे होते. गळाल्या होत्या त्या चार घरची धुणीभांडी करणाऱ्या मावशी. आमच्याच घराच्या नावावर त्यांना योजनेत घेतलं होतं, त्यांचं बीपी शंभर गोळ्यांत एकदा जागेवर यायचं आणि त्या महिन्यातून दोनदा दाखवून जायच्या. गळाला होता इस्त्रीवाला, त्याला साखर होती. गळाल्या होत्या शेवटच्या घरातल्या आजी, वीस रुपये सुनेकडे मागायचे म्हणून.

“मावशीले आशाताई धरून घेऊन आली काल,” डॉक्टर म्हणाले. “वरचं दोनशे दहा होतं.”

आलेखाची गुंडाळी करत मी म्हणालो, “वीसच तर रुपये होते.”

“तुमाले वीस. तिले ते एका वेळचं दूध.”

अमेरिकेत सत्तरच्या दशकात रँड संस्थेनं हजारो कुटुंबांवर हाच प्रयोग बरीच वर्षं केला, असं नंतर माझ्या वाचनात आलं. निष्कर्षही हाच : पेशंटकडून पैसे घेतले की भेटी कमी होतात, पण बिनकामाच्या आणि गरजेच्या अशा दोन्ही सारख्याच कमी होतात. रक्कम पाहून करंगळीवाला आणि बीपीवाली वेगळे होत नाहीत. त्यांनी यावर कोट्यवधी डॉलर घातले. आमचं अठ्ठेचाळीस हजारांत भागलं, हे देशाच्या काटकसरीला धरूनच झालं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी योजना बुडाली. निधीत अकराशे चाळीस रुपये उरले होते. ते घेऊन मी डॉक्टरांकडे गेलो आणि यांचं काय करू, असं विचारलं. डॉक्टरांनी एका कागदावर चार नावं लिहिली. मावशी, इस्त्रीवाला, आजी आणि चौकातला एक पंक्चरवाला.

“हे चौघं महिन्यात आले नाई, तं मी निरोप धाडीन. बीपी-साखर जाग्यावर राह्यली तं वर्षाच्या शेवटी मले यातले पैसे द्या, नाई राह्यली तं नका देऊ. जे रोज येतात त्याइची योजना कायले पायजे? ते येतातच.”

“आणि मी?”

“तुमी दीडशे रुपये.”

सांख्यिकी विभागात मी जन्म काढला, पण आलेल्यांची नोंद ठेवायची सोडून न आलेल्यांची ठेवावी, हे मला कधी सुचलं नव्हतं. तसा रजिस्टरमध्ये रकानाच नसतो. मी घरी येऊन निवेदन नव्यानं लिहिलं. मागणी एक : शासनानं कुटुंबाच्या डॉक्टरला यादीतल्या माणसांमागे ठरावीक रक्कम द्यावी. दोन : त्यातला काही भाग बीपी-साखर जागेवर ठेवल्याबद्दल द्यावा, उपकेंद्रातल्या सीएचओंना पगाराचा काही हिस्सा कामावर मिळतो त्या धर्तीवर. तीन : पेशंटकडून भेटीला काहीही घेऊ नये. चार : निवृत्त अधिकाऱ्यांच्या भेटींवर स्वतंत्र मर्यादा घालावी. ही चौथी मागणी सौभाग्यवतीच्या हस्ताक्षरात आहे.

निवेदन मुंबईला गेलं. तिथून ‘नियमोचित कार्यवाहीस्तव’ खाली निघालं, जिल्ह्याला आलं, तालुक्याला आलं. दिवाळीनंतर एका दुपारी फोन वाजला. माझ्या जुन्या टेबलावर आता बसणारा पोरगा बोलत होता.

“साहेब, तुमचा कागद माझ्याकडे आला आहे. वर शेरा आहे, अशा प्रकारची योजना तालुक्यात कुठे सुरू असल्यास माहिती सादर करावी. आज पाचच्या आत पाठवायचं आहे. काय लिहू?”

मी ताठ बसलो. घड्याळात साडेचार झाले होते. वर्षानुवर्षांचा हात, आवाजही तसाच निघाला.

“निरंक,” मी म्हणालो. “आणि काढून टाक निकाली.”